क्रूझला जायचंय, पण सोलापूरहून! जाऊन आलेल्यांनी सांगा

अनघा_जुळेसोलापूर
नमस्कार मंडळी. आमच्या भिशीच्या सहाजणींचं यंदा ठरलंय की महाबळेश्वर, तिरुपती झालं, आता समुद्रातलं मोठं जहाज बघायचं. सोबत माझ्या सासूबाई येणार. वय ७२, गुडघे कुरकुरतात, शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूण चालतो. आमच्यापैकी कुणीच याआधी क्रूझ केलेली नाही. एकीनं तर समुद्रच फक्त गणपतीपुळ्याला पाहिलाय.

दोन पर्याय समोर आहेत. पहिला, मुंबईहून गोवा आणि परत, दोन-तीन रात्री. दुसरा, सिंगापूरला विमानानं जाऊन तिथून पेनांग-फुकेतची तीन-चार रात्रींची क्रूझ. एजंट म्हणतो, "सगळं इन्क्लूडेड आहे मॅडम, एकदा चढलात की पाकिटाला हात लावायचा नाही." हे खरं का? आणि सोलापूरहून निघताना काय काळजी घ्यावी? वारंवार जाणाऱ्यांनी जरा सविस्तर लिहा.

बाळीवेस
उजनीत बोटिंग करून या, अर्ध्या दिवसात घरी. आणि पाकिटाला हात लावायचा नाही म्हणतो म्हणजे पाकीट आधीच त्याच्याकडं गेलेलं असतंय.

समुद्रपक्षी
मूळचा सोलापूरचा, नोकरीमुळे पुण्यात स्थायिक. निवृत्तीनंतर आम्हा दोघांना हे व्यसनच लागलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

"सगळं इन्क्लूडेड" अर्धंच खरं. तिकिटात येतं ते असं: खोली, मुख्य डायनिंग हॉल आणि बुफेतलं जेवण, थिएटरमधले शो, स्विमिंग पूल. बहुतेक जहाजांवर येत नाही ते: दारू, कोल्ड्रिंक, बाहेरच्या हॉटेलात मिळते तशी कॉफी, खास रेस्टॉरंटं, वायफाय, स्पा, किनाऱ्यावरच्या सहली. यावर ग्रॅच्युइटी, म्हणजे टीप. ती माणशी, दर रात्रीची, आपोआप खात्यावर चढते. एजंटच्या कोटेशनमध्ये पोर्ट चार्जेस आणि टॅक्स धरलेत की नाही, हे लेखी विचारा. जाहिरातीतला आकडा पुष्कळदा त्यांच्याशिवायचा असतो.

जहाजावर रोख चालत नाही. चढताना एक कार्ड मिळतं, तेच खोलीची किल्ली आणि तेच उधारीचं खातं. त्याला क्रेडिट कार्ड जोडा. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड जोडलं तर जहाज काही रक्कम अडवून ठेवतं आणि ती सुटायला प्रवास संपल्यावरही कितीतरी दिवस लागतात. ऐन शॉपिंगच्या वेळी कार्ड रिकामं.

आता सोलापूरचा मुद्दा. मुंबईची क्रूझ असेल तर आदल्या दिवशीच मुंबईत पोचा. जहाज संध्याकाळी सुटणार असलं तरी चेक-इन तास-दोन तास आधी बंद होतं, त्याआधी सामान तपासणी आणि रांग. सिंगापूरचं असेल तर एक रात्र सिंगापुरात मुक्काम ठेवाच. विमान लेट झालं तर जहाज थांबत नसतं.

विजापूररोड_राजू
काका, आदल्या दिवशी कशाला? रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडायची, सकाळी सीएसएमटी. बॅलार्ड पिअर, म्हणजे क्रूझचा धक्का, तिथून टॅक्सीनं दहा मिनिटांवर. अख्खी दुपार हातात राहते. मुंबईत हॉटेलला पैसे घालवण्यापेक्षा तेवढ्यात गोव्याला दोन वेळा मासे खाऊन होतील.

समुद्रपक्षी
@राजू, सिद्धेश्वर ठीक, मान्य. पण पहाटेची वंदे भारत धरून दुपारी साडेबाराला उतरणार आणि तडक जहाजावर, असं कुणी करू नये. शिवाय ती आठवड्यातून एक दिवस नसते. पावसाळ्यात घाटात काही झालं की सगळंच कोलमडतं. म्हणा, पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर क्रूझ चालतच नाहीत, समुद्र खवळलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात शांत.

कंबरतलाव
माझं मत विरुद्ध आहे, राग नसावा. जून २०२५ पासून आपल्या होटगी रोडच्या विमानतळावरून थेट गोव्याचं विमान सुरू झालंय. मुंबईला जाऊन, जहाजात बसून, मुरगाव बंदरात उतरून, काही तास गोवा बघून परत मुंबई, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? मुरगावहून कळंगुट गाठायलाच तासभर जातो. जहाजावर काय करणार? खाणार, झोपणार, परत खाणार. खिडकीतून दिसतं काय, तर पाणी.

शेंगाचटणी
@कंबरतलाव "खाणार, झोपणार, परत खाणार" यात वाईट काय आहे ते कळलं नाही 😀

माधुरी_सातरस्ता
कंबरतलाव यांचं गणित ठिकाणं मोजणाऱ्यांसाठी बरोबर आहे. पण अनघा, तुझ्या सासूबाईंसाठी मी उलट सांगेन. माझ्या यजमानांना चालायला त्रास होतो. बसच्या टूरमध्ये रोज बॅग भरा, रोज हॉटेल बदला, सकाळी सहाला नाश्ता, यात ते पार थकून जायचे. क्रूझवर बॅग एकदाच उघडायची, जागा आपोआप बदलतात. लिफ्ट सगळीकडे. ज्या गावात उतरावंसं वाटत नाही तिथे खुशाल जहाजावर राहावं. त्या दिवशी जहाज रिकामं असतं, मला तर तेच दिवस आवडतात.

फक्त एक नक्की विचार: बंदरात जहाज धक्क्याला लागणार की समुद्रात नांगर टाकून छोट्या बोटीनं, म्हणजे टेंडरनं नेणार? फुकेतला पातोंगच्या बाजूला टेंडर असतो. हलत्या बोटीत पाय टाकायचा, गुडघेवाल्यांना ते अवघड. व्हीलचेअर असेल तर कर्मचारी नाहीही म्हणू शकतात. लक्षद्वीपलाही तसंच, लाटा जास्त असल्या की उतरणंच रद्द. आणि बंदर रद्द झालं तर तिकिटाचे पैसे परत मागता येत नाहीत, तसं करारातच लिहिलेलं असतं. पेनांगला मात्र जहाज जॉर्जटाउनच्या धक्क्याला लागतं. चालत जाण्याच्या अंतरावर लिटल इंडिया आहे, केळीच्या पानावर शाकाहारी जेवण मिळतं. सासूबाई खूष.

अनघा_जुळेसोलापूर
माधुरीताई, टेंडरचं तर एजंटनं नावही काढलं नव्हतं! खूप आभार. जेवणाचं अजून सांगा ना. सासूबाईंनी कडक भाकरी आणि शेंगाचटणीची तयारी आत्तापासूनच सुरू केलीय.

बाळीवेस
कडक भाकरी समुद्रात नेलालाव? भिजली की मऊ होतीय, मग ती सोलापूरची राहत नाही.

शेंगाचटणी
माझं नाव निघालं म्हणून आलो. चटणी केबिन बॅगेत नको, पूड असली तरी सिक्युरिटीवाला पिशवी उघडायला लावतो. चेक-इन बॅगेत, हवाबंद डब्यात, त्यावर दोन पिशव्या. तेल सुटलं तर सगळ्या साड्यांना सोलापूरचा वास. जहाजावर पॅकबंद कोरडा खाऊ साधारण चालतो, घरी शिजवलेलं अडवतात. आणि जहाजावरून बंदरात उतरताना फळं, सँडविच काही बरोबर घ्यायचं नाही, काही देशांत जबर दंड आहे.

रत्नागिरीचा_जावई
महत्त्वाचं! सिंगापूरला जाणार असाल तर खसखस नेऊ नका. अनारशावर, लाडवात, मसाल्यात कुठेही. तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. दुबईहून क्रूझ घेणाऱ्यांनाही हेच लागू. तसंच च्युइंगगम आणि तंबाखूची पुडी नको. सिंगापुरात तोंडात धरायच्या तंबाखूवर बंदी आहे.

बाळीवेस
म्हणजे आमचे मामा कायमचे बाद.

समुद्रपक्षी
शाकाहारींसाठी: सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर भारतीय प्रवासी इतके असतात की बुफेत डाळ, भाजी, भात, पोळीसदृश काहीतरी असतंच. मुंबईच्या जहाजावर तर जैन जेवणही मिळतं. युरोप किंवा अलास्काला मात्र बुकिंग करतानाच "इंडियन व्हेजिटेरियन" नोंदवावं लागतं. पहिल्या संध्याकाळी डायनिंग हॉलच्या हेड वेटरला भेटून सांगा, दुसऱ्या दिवसापासून तो आधी विचारून वेगळं करवून देतो. सूपमध्ये चिकनचं पाणी असू शकतं, दर वेळी विचारा.

डॉ_होटगीरोड
मळमळीवर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बोट लागणं म्हणजे आतल्या कानाचं आणि डोळ्यांचं भांडण. कान म्हणतो हलतंय, डोळ्यांना खोलीतलं सगळं स्थिर दिसतं. म्हणून बरं वाटेना झालं की खोलीत पडून मोबाईल बघू नका, उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे बघा. गोळी उलटी सुरू झाल्यावर नव्हे, अर्धा-एक तास आधी घ्यायची. या गोळ्यांनी झोप येते. ज्यांना काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास आहे त्यांनी स्वतःच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी किंवा कानामागचा पॅच वापरू नये. आलेपाक न्या, काहींना खरंच उपयोग होतो. खोली निवडताना जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावरची घ्या, तिथे हालचाल सगळ्यात कमी. मोठ्या जहाजांना स्टॅबिलायझर असतात, ते आडवं डोलणं कमी करतात. पुढून-मागून वरखाली होणं मात्र त्यांनी थांबत नाही.

दुसरं, हात साबणानं धुवा. दारात सॅनिटायझर ठेवलेलं असतं म्हणून लोक त्यावर भागवतात. जहाजांवर जुलाब-उलटीची साथ पसरवणारा नोरोव्हायरस अल्कोहोल सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही.

सासूबाईंच्या रोजच्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनसकट हातातल्या बॅगेत. चढताना मोठ्या बॅगा काढून घेतात, त्या खोलीत संध्याकाळपर्यंत येतात. आणि प्रवास विमा काढाच. जहाजावर डॉक्टर असतो, पण बिल डॉलरमध्ये येतं, आणि ते वाचून बीपी वाढतं.

धुळ्याची_माहेरवाशीण
डॉक्टर 👌 वाचनखूण साठवली.

चादरवाला
वायफाय घ्यायचं असेल तर जहाजात चढण्याआधी वेबसाइटवर घ्या, स्वस्त पडतं. चढल्याबरोबर मोबाईल एअरप्लेन मोडवर. जहाजाचं स्वतःचं सॅटेलाइट नेटवर्क असतं, आपलं साधं रोमिंग पॅक त्याला लागू होत नाही. माझ्या पाहुण्यांनी गोव्याच्या वाटेवर नुसते गुड मॉर्निंगचे फोटो घेतले, पाठवले. नंतरचं बिल बघून पाहुणे महिनाभर कुणालाच गुड मॉर्निंग म्हणत नव्हते.

इस्त्री आणि किटली नेऊ नका, आगीच्या भीतीनं काढून घेतात. सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेन्शन बोर्डही. भिंती लोखंडी असतात, लोहचुंबकाचे हुक न्या, सहा बायकांच्या ओढण्या टांगायची सोय होईल.

अवांतर: रात्री पलंगावर टॉवेलचा हत्ती, माकड करून ठेवतात. मी आधी त्याचा टॅग बघतो. आपल्या गावच्या मालाचा हत्ती अजून मिळाला नाही.

अनघा_जुळेसोलापूर
इस्त्री नाही??? फॉर्मल नाइटला पैठणी नेसायची ठरली होती.

माधुरी_सातरस्ता
बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर सोडून साडी बाहेरच्या हुकाला टांग, सुरकुत्या निघतात. नाहीतर पैसे देऊन लॉन्ड्री. आणि वरच्या डेकवर पदर पिनेनं घट्ट. तिथलं वारं आपल्या गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यावर बसल्यासारखं अंगावर येतं.

गॅलीतला_पोऱ्या
गेली काही वर्षं क्रूझच्या किचनमध्ये, म्हणजे गॅलीत आहे, सध्या सुट्टीवर सोलापुरात. दुसऱ्या बाजूनं थोडं लिहितो.

टीपबद्दल. इथे कुणी लिहायच्या आत सांगतो, रिसेप्शनला जाऊन ऑटो ग्रॅच्युइटी काढून टाकता येते आणि आपले बरेच लोक ती काढतात. काढू नका. ती तुमच्या खोलीवाल्याला, वेटरला आणि आमच्यासारख्या कधीच न दिसणाऱ्यांना मिळून वाटली जाते. आमचे करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचे. आठवड्याची पूर्ण सुट्टी असा प्रकार नसतो. आंतरराष्ट्रीय नियमानं २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्याला ७७ तास विश्रांती द्यावी लागते. म्हणजे उरलेले तास मोजा. बरं, तुम्ही मराठीत बोललात तर ओळख नक्की निघते. मागच्या करारात अक्कलकोटचा एक जण लॉन्ड्रीत आणि मी गॅलीत, रात्री दीडला आम्ही हुग्गीवर, म्हणजे गव्हाच्या खिरीवर, गप्पा मारायचो.

बुफेत एक विनंती: ताट भरून घेऊन अर्धं टाकू नका. दुसऱ्यांदा घ्यायला कुणी अडवत नाही.

कंबरतलाव
@गॅलीतला_पोऱ्या, तुमच्याबद्दल आदर ठेवूनच विचारतो. पगार द्यायची जबाबदारी कंपनीची की प्रवाशाची? "टीप" म्हणायचं आणि आपोआप कापायची, मग ती तिकिटातच का धरत नाहीत? तिकीट स्वस्त दिसावं म्हणूनच ना?

गॅलीतला_पोऱ्या
दादा, तुमचं बरोबर आहे. पण तुम्ही काढून टाकल्यानं कंपनीला काही होत नाही, आम्हाला होतं.

विजापूररोड_राजू
मी तर म्हणतो आवडलेल्या वेटरला हातात द्यावी. बाकीच्यांना का?

गॅलीतला_पोऱ्या
त्याच्या ताटात भाजी कुणी टाकली ते बघितलंय का राजूभाऊ 😀

नवीपेठ_आजोबा
तुमची चर्चा वाचून जुने दिवस आठवले. आमचं आजोळ कोकणात. सोलापूरहून रेल्वेनं मुंबई आणि भाऊच्या धक्क्यावरून बोट. डेकवर वळकट्या पसरून झोपायचो, कोंबड्या, आंब्याच्या पेट्या, सगळं शेजारी. पाणी, दशम्या आपल्याच. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट रेवसजवळ बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर आमची आजी बोटीत चढताना हातात तुळशीची माळ धरून बसायची. तरी जायचीच.

धुळ्याची_माहेरवाशीण
आजोबा, सुंदर लिहिलंत, पण अनघाताई पहिल्यांदा चालल्यात हो 🙏

समुद्रपक्षी
विषय निघालाच आहे तर तो टाळू नये. सुरक्षेचे आजचे नियम अशाच अपघातांतून आलेत. टायटॅनिक १९१२ ला बुडालं, १९१४ मध्ये समुद्रातल्या जीवरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटलं, ३२ जण गेले. त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांचा सुरक्षा सराव तोवर झालेलाच नव्हता. म्हणून आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी सराव घ्यावाच लागतो. तेव्हा तुमच्या गटाला सांगून ठेवा, चढल्यावर सेल्फी नंतर, आधी आपलं मस्टर स्टेशन, म्हणजे आणीबाणीत जमायची जागा, कुठे आहे ते पायानं चालत जाऊन बघायचं. सासूबाईंना जिन्यानं यायला कोण मदत करणार तेही ठरवा, कारण आणीबाणीत लिफ्ट वापरत नाहीत.

बाळीवेस
धागा पार भरकटायच्या आत विचारतो, जहाजात कॅसिनो असतंय म्हणे?

विजापूररोड_राजू
असतो. आंतरराष्ट्रीय पाण्यात गेल्यावर उघडतो. तुझं पाकीट तोवर एजंटकडं असेल.

रत्नागिरीचा_जावई
सिंगापूरचं ठरलं तर कागदपत्रं. पासपोर्ट परतीच्या तारखेपुढे सहा महिने वैध हवा. सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एन्ट्री आहे ना ते बघा. जहाज मलेशिया-थायलंडला जाऊन परत सिंगापूरला येतं, ती दुसरी एन्ट्री धरतात. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड आणि मलेशियाचं डिजिटल कार्ड, दोन्ही प्रवेशाच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायची. दोन्ही सरकारी संकेतस्थळांवर फुकट आहेत, पैसे मागणारी बनावट संकेतस्थळंही आहेत. एजंट टीसीएस (परदेशी सहलीवर आधीच घेतला जाणारा कर) कापेल, त्याचा दाखला घ्या, रिटर्न भरताना तो वळता करून घेता येतो. आमच्या ओळखीच्या एका गटाला त्यांच्या एजंटनं हे सांगितलंच नव्हतं.

माधुरी_सातरस्ता
आणि बंदरात स्वतः फिरायला गेलात तर परत यायची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे पाळा. स्थानिक वेळ वेगळी असू शकते. जहाजाची सहल घेतलेली असेल आणि तिची बस उशिरा आली तर जहाज थांबतं. तुमची रिक्षा उशिरा आली तर नाही. फुकेतला एक कुटुंब धावत येताना आम्ही डेकवरून पाहिलंय. अख्खं जहाज टाळ्या वाजवत होतं, पण त्यांना शेवटची टेंडर मिळाली म्हणून.

कंबरतलाव
बघा, सुट्टीवर गेलात तरी घड्याळ आहेच. माझा मुद्दा तोच होता.

माधुरी_सातरस्ता
मग तुम्ही जहाजावरच राहा हो, बुफे उघडाच असतो 😄

अनघा_जुळेसोलापूर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल आमच्याकडे भिशी होती, धागा मोठ्यानं वाचून दाखवला. पोऱ्यादादांचं वाचल्यावर टीप काढायची नाही असं सहाही जणींनी एकमतानं ठरवलं. (भिशीत एकमत!)

निर्णय असा: पहिली वेळ आहे म्हणून मुंबई-गोवाच. समुद्र सोसतो का, सासूबाईंना झेपतं का, दोन-तीन रात्रींत कळेल. पासपोर्ट-व्हिसाची भानगड नाही. जानेवारी सुचवला होता, पण सासूबाई म्हणाल्या, सिद्धेश्वराच्या जत्रेतले नंदीध्वज सोडून मी कुठंही येणार नाही. म्हणून फेब्रुवारी. जायला रात्रीची सिद्धेश्वर, आणि मुंबईत एकीच्या बहिणीकडे आंघोळ-नाश्ता. कंबरतलावदादा, गोवा बघायला नंतर विमानानं जाऊच, हे फक्त जहाज बघायला.

आता शेवटचा प्रश्न. एजंट दोन प्रकार सांगतोय. चौघींची एक खोली घेतली तर माणशी बरंच स्वस्त पडतं. आणि खोलीचा नंबर आधी न ठरवता "गॅरंटी" घेतली तर आणखी कमी. घ्यावं का?

समुद्रपक्षी
खोलीचं भाडं पहिल्या दोघांवर बसवलेलं असतं, तिसऱ्या-चौथ्याला सवलत, म्हणून ते स्वस्त दिसतं. पण चौघींना एकच बाथरूम आणि वरच्या दोन जागा शिडीच्या. तुम्ही सातजणी आहात. दोन खोल्या दोघींच्या आणि एक तिघींची घ्या, सासूबाई दोघींच्या खोलीत, खालच्या पलंगावर. एखादीला एकटीला खोली हवी असेल तर तिला जवळजवळ दोघींचं भाडं पडेल, हे आधी सांगून टाका.

गॅरंटी नको. त्यात खोली कंपनी ठरवते, अगदी पुढच्या टोकालाही मिळू शकते, आणि तिन्ही खोल्या तीन मजल्यांवर आल्या तर भिशी व्हॉट्सॲपवर भरवावी लागेल. एजंटकडून डेक प्लॅन मागा. मध्यावरच्या, लिफ्टपासून चार-पाच दारं सोडून, लागून असलेल्या तीन खोल्या निवडा. वरच्या आणि खालच्या मजल्यावर काय आहे तेही बघा. डोक्यावर डिस्को नको आणि स्वयंपाकघरही नको, पहाटे चारला ट्रॉल्या ओढतात.

गॅलीतला_पोऱ्या
साडेतीनला.